काकडीला शनिवार कळत नाही

प्रति,
अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
भाजीबाजार व्यवस्थापन मंडळ

सप्रेम नमस्कार.

मागच्या महिनाअखेरीस फाटकावर तुमची सूचना लागली. चारच ओळी. बुधवारचा बाजार बंद, यापुढे फक्त शनिवार. वेळ सकाळी साडेसहाऐवजी दहा. ओट्यावर फक्त ‘एकसारखा, पूर्ण रंगाचा, डाग-तडा नसलेला’ माल. आणि आवारातला नळ बाजाराच्या वेळेत बंद. खाली सही, शिक्का. कुणाला विचारून ठरवलं हे लिहिलेलं नव्हतं, कारण विचारलंच नव्हतं.

मी कार्यालयात येऊन बोलले. लेखी द्या म्हणालात, लेखी दिलं. पोच मिळाली, उत्तर नाही. म्हणून आता चारचौघांत लिहिते आहे. आमच्याकडून भाजी नेणाऱ्यांनीही हे वाचावं, कारण सूचनेत ‘ग्राहकांच्या सोयीसाठी’ असं म्हणून त्यांचंच नाव पुढे केलंय.

मागच्या रांगेत शेवटच्या ओट्यावर बसते ती मी. दीड एकर भाजीपाला, राबणारे तिघं: मी, माझा धाकटा भाऊ आणि आमची आई. आईचं वय बहात्तर. तिला आता वाकून तोडणी जमत नाही, पण जुड्या बांधण्यात तिचा हात कुणी धरणार नाही. नऊ वर्षं हा ओटा आमच्याकडे आहे आणि भाडं एकदाही थकलेलं नाही. नोंदवही तुमच्याकडेच आहे, बघून घ्या.

आधी हे सांगते, की निर्णय तुम्ही कुठल्या दिवसांत घेतलात. उन्हाळा सरत आला की बाहेरच्या माणसाला वाटतं, चला, आता जरा निवांत. भाजीच्या शेतात नेमकं उलट असतं. सगळ्या हंगामात जे लावलं, बांधलं, जगवलं ते या पाच-सहा आठवड्यांत एकदम अंगावर येतं. टोमॅटो, काकडी, वांगी, मिरची, घेवडा, खरबूज, सगळ्यांची घाई एकाच वेळी. त्यातच कांद्याच्या माना पडायला लागतात. निम्म्याहून जास्त पात आडवी झाली की पाणी तोडायचं, काढायचा आणि सावलीत दोन-तीन आठवडे सुकवायचा. मान ओली राहिली तर पुढे तिथूनच सडतो. भोपळ्याच्या सालीत नख रुतेनासं झालं की देठासकट काढायचा. शिवाय पुढच्या हंगामाची रोपं याच दिवसांत टाकायची असतात, नाहीतर त्यानंतर ओट्यावर मांडायला काहीच नसतं. आमची वर्षाची निम्मी कमाई या दिवसांत होते. बाकीचे महिने आम्ही खर्चच करत असतो. तुमचे चारही नियम लागू झाले ते नेमके याच दिवसांत.

आता एकेक घेते. सगळ्यात आधी बुधवार.

कांदा थांबतो, भोपळा थांबतो. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. शनिवार म्हणाल तर शनिवार. टोमॅटोही तसा समजूतदार. रंग फिरायला लागल्यावर तोडला तरी घरात पिकतो, दोन-तीन दिवस सांभाळून घेतो. पण काकडीला शनिवार कळत नाही. परवा बोटाएवढी होती ती आज मनगटाएवढी दिसते. घेवड्याचं तेच, एक तोडणी चुकली की शेंगेत दाणा भरतो, शेंग निबर होते, मोडली तर कट्कन आवाज येत नाही, दोरा निघतो. एक दिवसाआड तोडावंच लागतं. आणि विकायचं नाही म्हणून तोडलं नाही, असंही चालत नाही. वेलावर एक काकडी जून होऊ दिली की वेल सगळी ताकद तिच्यातल्या बियांकडे वळवतो आणि नवी फळं धरायची कमी करतो. वेलाच्या दृष्टीने त्याचं काम झालेलं असतं. म्हणजे बुधवारचा माल वेलावरच ठेवला, तर शनिवारचाही हातचा जातो. तोडून टाकून द्यायचा, एवढंच उरतं. गेले तीन बुधवार आम्ही तेच करतोय. पहिल्या बुधवारी शेजारच्या गोठ्यात दिला. दुसऱ्या वेळी त्यांनीच हात जोडले, म्हणाले, जनावरंसुद्धा तोंड लावेनात आता.

मंडळातल्या एका सदस्यांनी मला सुचवलं, ‘शीतगृहात ठेवा ना चार दिवस.’ त्यांनी ते मनापासून सुचवलं, म्हणून सविस्तर उत्तर देते. भाजी गार ठेवली की टिकते हे खरं. पण कुठली भाजी किती गार, यात सगळी मेख आहे. पालेभाजीला शून्याच्या जवळपास, तेही ओलसर हवेत ठेवायला हवं. काकडी दहा अंशांच्या खाली काही दिवस राहिली की बाहेर काढल्यावर तिच्या सालीवर खड्डे पडतात आणि ती पाणी सोडते. टोमॅटो दहा-बारा अंशांखाली ठेवला तर चव जाते आणि कच्चा असेल तर पुढे नीट पिकतही नाही. कांद्याला कोरडी हवा लागते. त्यातून पिकणारे टोमॅटो आणि खरबूज इथिलीन नावाचा वायू सोडतात, त्याने शेजारची काकडी आणि पालेभाजी पिवळी पडते. म्हणजे एक खोली बांधून भागत नाही, तीन लागतील. दीड एकरावर तीन शीतखोल्या बांधायच्या तर भाजी लावायची कुठे?

दुसरी गोष्ट वेळेची. दहाला बाजार म्हणजे आम्ही सावकाश उठून सावकाश यायचं, असा कुणाचा समज असेल तर तो चुकीचा आहे. तोडणी पहाटेच करावी लागते, बाजार कितीला का असेना. रात्रभर पान गार झालेलं असतं, पाण्याने भरलेलं असतं. तोडल्यावरही भाजी जिवंतच असते, श्वास घेत असते आणि मुळाकडून येणारं पाणी मात्र तुटलेलं असतं. तापमान दहा अंशांनी वाढलं की तिचा श्वास दुपटी-तिपटीने वाढतो, म्हणजे तितक्याच वेगाने ती संपत जाते. पालेभाजीच्या वजनातलं थोडंसंच पाणी उडालं तरी ती माना टाकते. ऊन चढल्यावर तोडली तर शेतातली सगळी उष्णता बरोबर घेऊनच क्रेटमध्ये जाते, आणि एकावर एक रचलेल्या क्रेटमधून ती लवकर बाहेर पडत नाही. हे काही गुपित नाही, भाजी पिकवणाऱ्या कुणालाही विचारा. म्हणून आमचा दिवस पावणेपाचला सुरू होतो, कपाळाला दिवा बांधून. भाऊ पुढे काकडीत, मी पालेभाजीत, आई ओसरीत पाय पसरून जुड्या बांधत. सहाला पहिला फेरा भरलेला असायचा आणि साडेसहाला आम्ही ओट्यावर. नऊपर्यंत पालेभाजी संपायची. गिऱ्हाइकाच्या घरी ती गारच पोचायची.

नव्या वेळेचा पहिला शनिवार सांगते. फाटक पावणेदहाला उघडलं. तोवर आम्ही बाहेर रस्त्यावर, उन्हात, भरलेल्या टेम्पोशेजारी उभे. सव्वादहाला ओटा मांडला. अकराला आईने पहिली जुडी उचलून बघितली, काही न बोलता उलटी करून खाली ठेवली. मग दुसरी. तिला तो पाला पहाटे हातात कसा लागला होता ते माहीत होतं. साडेबाराला सत्तावीस जुड्या उरल्या होत्या. त्या मी विकल्या नाहीत. एका बाईंनी ‘अर्ध्या भावात द्या’ म्हटलं, तरी नाही. त्या बाई नऊ वर्षं येतायत. त्यांच्या घरी हा पाला आमचा म्हणून जाईल, हे मला चालणार नव्हतं.

तुमच्या बाजूनेही बोलते, नाहीतर पत्र एकांगी होईल. भल्या पहाटे फाटकासमोर टेम्पोंची गर्दी होते, हॉर्न वाजतात, आजूबाजूच्या लोकांची झोपमोड होते. खरं आहे. बुधवारी गिऱ्हाईक शनिवारच्या निम्मंही नसतं आणि झाडलोटीचा खर्च तेवढाच येतो, हेही खरं. आमच्यातले काहीजण देठ-पाला ओट्याखाली सारून निघून जातात. त्यांना मी तोंडावर बोलले आहे आणि पुन्हा बोलेन. पण या तीन दुखण्यांवर बाजारच बंद करणं हा उपाय कुठला?

आता तुमच्या प्रतवारीच्या नियमाबद्दल. हा वाचून आधी मला हसू आलं, मग नाही आलं.

त्याच शनिवारी तुमच्या तपासनीसांनी आमच्या क्रेटमधले चौदा टोमॅटो बाजूला काढले. एकेक उचलायचे, देठाकडची बाजू बघायचे, ‘रंग पूर्ण नाही’ म्हणायचे आणि आमच्याच रिकाम्या क्रेटमध्ये टाकायचे. माणूस सभ्य होता, आवाज चढवला नाही. मी त्यांना म्हटलं, साहेब, हा पिकलेला आहे, दाबून बघा. ते म्हणाले, नियमात दाबून बघण्याचं काही नाही.

टोमॅटोला लाल रंग येतो लायकोपीन नावाच्या रंगद्रव्यामुळे. तापमान तीस अंशांच्या वर राहिलं की ते नीट तयार होत नाही. पिवळा-नारिंगी रंग मात्र तयार होत राहतो. म्हणून या दिवसांतला टोमॅटो केशरी राहतो, खांदे पिवळे राहतात. तो कच्चा नसतो, तापलेला असतो. ऊन उतरलं की पुढच्या तोडणीला तीच झाडं लालभडक फळं देतात. म्हणजे कडक उन्हाच्या दिवसांत पूर्ण रंगाची अट घालणं म्हणजे हवामानाचा दंड आमच्याकडून वसूल करणं झालं. तडकण्याचंही तसंच. बरेच दिवस कोरड राहून एकदम पाऊस झाला की फळ आतून फुगतं, सालीला तेवढं ताणता येत नाही, देठाभोवती तडा जातो. तसा टोमॅटो चार दिवस टिकणार नाही, कबूल. पण त्याच दिवशी शिजवायला त्याच्यात काय वाईट आहे? आमच्याकडून तो मुद्दाम मागून नेणारे लोक आहेत.

वाकड्या काकडीचा नियम तुम्ही पहिल्यांदा केलेला नाही, याचं तुम्हाला समाधान वाटेल. युरोपीय समुदायाने १९८८ साली काकडीच्या बाकाचं मापच ठरवून दिलं होतं: वरच्या दर्जाच्या काकडीला दर दहा सेंटिमीटर लांबीमागे दहा मिलिमीटरपर्यंत बाक चालेल, त्याहून जास्त नाही. वीस वर्षं लोक त्याची चेष्टा करत राहिले. शेवटी १ जुलै २००९ पासून काकडीसकट २६ फळं-भाज्यांचे असे खास नियम त्यांनीच काढून टाकले. टोमॅटोचे मात्र ठेवले, हेही सांगते, नाहीतर सोयीचं तेवढंच सांगितलं म्हणाल. त्यातही काकडीला एकसारखं माप लावण्यामागे त्यांचं एक कारण तरी होतं: सरळ काकड्या खोक्यात मोजून बसतात, शेकडो मैल पाठवता येतात. आमची काकडी शेतातून ओट्यावर आणि ओट्यावरून पिशवीत जाते. पिशवीत वाकडी काकडी छान बसते.

नळाबद्दल फार लिहीत नाही, कारण यात वाद घालण्यासारखं काहीच नाही. चिखल होतो म्हणून नळ बंद. आम्ही गोणपाट भिजवून क्रेटवर टाकतो, कारण पाण्याची वाफ होताना ती उष्णता ओढून घेते आणि खालचा माल गार राहतो. उत्तर नायजेरियातले मोहम्मद बाह अब्बा नावाचे शिक्षक. घराणं मडकी घडवणाऱ्यांचं. वीज नसलेल्या गावांसाठी त्यांनी एकात एक दोन मडकी, मध्ये ओली वाळू, वर ओलं फडकं, अशी साधी रचना गावोगाव पोचवली आणि २००० साली त्यांना त्यासाठी रोलेक्स पुरस्कार मिळाला. विजेशिवाय भाजी टिकवणारी ही युक्ती कोरड्या हवेत उत्तम चालते. तिला दोनच गोष्टी लागतात, सावली आणि पाणी. चिखलाचंच म्हणाल तर नळाखाली चार फरशा आणि एक चर एवढ्याने तो मिटतो. आम्ही दोघं-तिघं मिळून एका दुपारी करून देऊ, साहित्य द्या.

‘एका छोट्या शेतासाठी बाजाराचे नियम कसे बदलणार?’ असंही मला ऐकवण्यात आलं. एक छोटं शेत नाही, साहेब. जगातली शंभरातली चौऱ्याऐंशी शेतं दोन हेक्टरपेक्षा लहान आहेत. त्यांच्याकडे शेतजमीन जेमतेम १२ टक्के, आणि जगाच्या अन्नातला सुमारे एक-तृतीयांश वाटा त्यांचा. बाजार आमच्यासारख्यांनीच भरतो. शेवटच्या रांगेपासून पहिल्या रांगेपर्यंत चालत या आणि दीड-दोन हेक्टरांहून मोठं शेत किती जणांचं आहे ते विचारत या.

आमच्या मागण्या साध्या आहेत.

उन्हाळा संपेपर्यंत, म्हणजे येते सहा आठवडे, बुधवारचा बाजार पुन्हा सुरू करा. वर्षभर मागत नाही. थंडीत बुधवारी आम्हालाही काम नसतं. झाडलोटीचा खर्च बुधवारच्या ओटेधारकांनी वाटून घ्यायला मी तयार आहे, आणि मागच्या रांगेतले आणखी आठजण तयार आहेत; त्यांच्या सह्या कार्यालयात वेगळ्या दिल्या आहेत.

फाटक साडेसहाला उघडा. हॉर्न आणि गर्दीसाठी टेम्पोंना दहा-दहा मिनिटांच्या पाळ्या लावून द्या. ज्यांना दहाला यायचंय त्यांनी दहाला यावं, त्यांच्यासाठी टोमॅटो आणि कांदा आहेच.

पूर्ण रंग, सारखा आकार या अटी काढा. सडका, बुरशी आलेला, किडका माल ठेवू नये, हा नियम हवाच, आणि तो कडक पाळा. वाकडा, तडकलेला, केशरी माल वेगळ्या क्रेटमध्ये, वेगळ्या भावाने, पाटी लावून विकायची मुभा द्या. घ्यायचा की नाही ते गिऱ्हाईक बघून ठरवेल, त्याला डोळे आहेत.

नळ उघडा.

आणि शेवटचं, ज्यासाठी खरं तर हे पत्र आहे. मंडळावर आज एकही भाजी पिकवणारा सदस्य नाही. १७ डिसेंबर २०१८ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने शेतकऱ्यांच्या हक्कांचा जाहीरनामा संमत केला. आपल्या उपजीविकेवर परिणाम करणाऱ्या निर्णयांत सहभागी होण्याचा हक्क त्यात लिहिलेला आहे. पण भाजीबाजाराच्या नळासाठी संयुक्त राष्ट्रांपर्यंत जायची वेळ येऊ नये. दोन जागा द्या, ओटेधारकांनी निवडलेल्या. आणि यापुढे वेळ, वार किंवा प्रतवारी बदलायची असेल तर पेरणीच्या आधी सांगा. आता सांगून उपयोग नाही. आता ते सगळं जमिनीत आहे.

त्याआधी एक विनंती. निर्णय कायम ठेवायचा असेल तरी ठेवा, पण एका शनिवारी पहाटे पावणेपाचला तुमच्यापैकी कुणीतरी शेतावर या. दोघं आलात तर उत्तम. एकाला काकडीत धाडू, एकाला पालेभाजीत. मळकी चप्पल घालून या, आदल्या संध्याकाळी पाणी सोडलेलं असतं. दिवा आम्ही देऊ. तोडलेला माल तुमच्याच हाताने टेम्पोत भरा आणि आमच्याबरोबर दहापर्यंत फाटकाबाहेर थांबा. चहा आईकडून.

उत्तराची वाट पुढच्या बुधवारपर्यंत बघते.

आपली,
मागच्या रांगेतली, शेवटच्या ओट्यावरची

ता. क. तपासनीसांनी बाजूला काढलेले चौदा टोमॅटो त्यांच्या टेबलाखालीच राहिले. ते मागत नाही. पण क्रेट आमचा आहे, कडेला निळ्या रंगाचा पट्टा आहे. रिकामा झाला असेल तर शनिवारी परत द्यावा, तोडणीला कमी पडतोय.